सोनं बाहेर ठेवा

आतल्या खोलीच्या दारापाशी, खांद्याच्या उंचीवर, भिंतीला एक लाकडी वाटी ठोकलेली होती. वाटीच्या वर त्या आयुर्वेदिक रसशाळेच्या मोठ्या वैद्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी होती : सोनं बाहेर ठेवा. आत जाणाऱ्याने अंगठी, साखळी, कानातलं, जे असेल ते वाटीत काढून ठेवायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. कारण आत पारा होता. पारा सोन्याला शिवला की त्याच्या अंगावर चढतो, आणि पिवळंधमक सोनं बघता बघता पांढरं पडतं.

काकांना त्या वाटीत कधी काही ठेवावं लागलं नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी अंगावर सोन्याचा कण घातला नव्हता. ते खलावर बसत. सगळी रसशाळा त्यांना नुसतं काका म्हणे, इतकं की कुणी पूर्ण नाव विचारलं तर त्यांना स्वतःलाच क्षणभर आठवावं लागे.

खल काळ्या दगडाचा होता, नावेच्या आकाराचा. दोन्ही टोकं निमुळती, पोट खोल. त्यात शुद्ध केलेला पारा आणि शुद्ध केलेला गंधक सारख्या वजनाने घालायचा आणि घोटत राहायचं. पाणी नाही, तेल नाही, जाळ नाही. बत्ता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचा, परत आणायचा. पहिल्या दिवशी पारा हजार थेंब होऊन पळत सुटतो, गंधकाच्या पिवळ्या पुडीखाली दडी मारतो, पुन्हा डोकं वर काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळ्याचं राखाडी होतं. मग राखाडीचं काळं. आठव्या-दहाव्या दिवशी खलात काजळासारखी मऊ, काळीभोर भुकटी उरते. तिला कज्जली म्हणायचं. पुढच्या कितीतरी औषधांचा पाया म्हणजे ही कज्जली.

एवढंच काम. पण त्या कामात काकांचं आयुष्य कसं गेलं हे त्यांना कळलंच नाही. समोर मोठी खिडकी होती, ती कायम उघडी ठेवायची असा दंडक होता. तोंडावर फडकं बांधून काका बसत आणि बत्त्याची ये-जा सुरू होई. थोड्या वेळाने त्यांना वाटू लागे की हा खल नाहीच, ही नाव आहे, आणि हातात वल्हं आहे. भिंती हळूहळू मागे सरकत. खिडकीतलं झाड जवळ येई, निघून जाई. बत्त्याचा आवाज आधी खरखर असे, मग सरसर, आणि शेवटी शेवटी नुसता श्वासासारखा. त्या आवाजाच्या काठाकाठाने काका कुठल्या कुठे जाऊन येत आणि जेवणाच्या वेळी पुन्हा त्याच खोलीत, त्याच पाटावर असत.

कज्जली तयार झाली की नाही, हे ठरवायची एक रीत होती. चिमूटभर भुकटी तळहातावर घ्यायची, पाण्याचा एक थेंब टाकून अंगठ्याने रगडायची आणि हात उन्हात धरायचा. एखादा जरी चमकता ठिपका दिसला तरी आत पारा अजून जिवंत आहे असं समजायचं. त्या ठिपक्याला रसशाळेत चंद्र म्हणत. चंद्र मावळला की कज्जली झाली. आणि चंद्र मावळला हे सांगायचा हक्क एकाच माणसाचा, जो खलावर बसला त्याचा. तो ‘झालं’ म्हणेपर्यंत त्या घाण्यातला कणही पुढच्या औषधात जायचा नाही.

“पारा विष आहे,” मोठे वैद्य म्हणायचे. “आपण म्हणतो मारला. पण मेला की नुसता झोपला, हे बघायला कुणीतरी जागं हवं.”

हे वाक्य काकांच्या मनावर कोरलं गेलं त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी त्यांनी घाई केली होती. नवं लग्न, घरी जायची ओढ, आणि सातव्या दिवशीच ते ‘झालं’ म्हणून मोकळे झाले. मोठ्या वैद्यांनी तळहात उन्हात धरला, बराच वेळ धरला, आणि सगळी कज्जली परत खलात ओतली. काका पुढचे चार दिवस खाली मान घालून घोटत बसले. त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. पारा फडक्यातून गाळून ते घरी गेले, हात धुतले, पण नखांत राहिलं असावं. त्यांनी बायकोचा डावा हात हातात घेतला. सकाळी तिच्या बोटातली लग्नातली अंगठी पांढरीफटक. ती मोठ्याने रडली नाही, पण दिवसभर अंगठी पदराने पुसत राहिली. सोनाराने अंगठी उघड्यावर, तोंड बांधून, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून तापवली. पिवळा रंग परत आला, पण अंगावर बारीक खळगे राहिले, सुईने टोचल्यासारखे.

तेव्हापासून काकांनी तिचा डावा हात धरला नाही. रस्त्याने चालताना ते आपोआप तिच्या उजव्या बाजूला जात. शेजारीपाजारी म्हणत, काय शिस्तीचा माणूस आहे. शिस्त कसली, ती भीती होती.

मोठे वैद्य गेले आणि त्यांची मुलगी कामकाज बघू लागली. काकांनी तिला दोन वेण्यांत पाहिलेलं, पण आता ते तिला ताई म्हणत. ताईंनी खूप गोष्टी बदलल्या. औषधांचे नमुने बाहेर तपासायला पाठवू लागल्या, काम करणाऱ्यांचं रक्त-लघवी तपासून घेऊ लागल्या. वडिलांची एक पद्धत मात्र त्यांनी तशीच ठेवली. महिन्याच्या पहिल्या दिवशी काकांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हात लांब करून धरायचा. पाऱ्याशी रोज संबंध येणाऱ्याचा हात आधी कापू लागतो. पाणी सांडलं की त्या दिवशी बत्ता खाली. छत्तीस वर्षांत काकांच्या पेल्यातला थेंब हलला नव्हता. काकांना कुठल्या गोष्टीचा अभिमान असेल तर या पेल्याचा.

आणि आता हा एक घाणा सव्विसाव्या दिवसापर्यंत आला होता.

“काका,” ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “बाबांच्या वेळी सगळ्यात लांबलेला घाणा किती दिवसांचा?”

“चौदा. तेव्हा गंधक वाईट आला होता.”

“आणि या वेळी?”

“या वेळी पारा हट्टी आहे.”

अंगणात, भट्टीत तडकू नयेत म्हणून, काचेच्या कुप्यांवर कापड आणि माती चढवत कुपीवाला बसला होता. एकेका कुपीला सात थर द्यायचे, एक वाळला की दुसरा, म्हणून त्याला बोलायला भरपूर वेळ असे. तो खिडकीतून म्हणाला, “काका, पारा कधीच मेला. आता तुम्ही त्याचं वर्षश्राद्ध घालताय.”

“तू आपल्या मातीत बघ.”

“मातीत बघून बघून माझे डोळे गेले. तुम्हीच बघा आता.”

ताईंनी चिमूट तळहातावर घेऊन रगडली आणि खिडकीपाशी गेल्या. “मला काही दिसत नाही.”

“तुम्ही चष्म्यातून बघताय.”

“चष्म्यातून जास्त दिसतं, काका.”

काकांनी त्यांचा हात आपल्याकडे वळवून घेतला. काळ्या तळव्यावर, आयुष्यरेषेच्या बाजूला, दोन ठिपके लुकलुकत होते. अगदी स्पष्ट. त्यांनी बोटाने दाखवले. ताईंनी पाहिलं, पुन्हा काकांकडे पाहिलं, आणि एक चिमूट पुडीत बांधून तपासणीला पाठवली.

दोन दिवसांनी तपासणीचा कागद आला. मोकळा पारा आढळला नाही, असं त्यावर होतं. काकांनी कागद उलटसुलट केला.

“यांनी ऊन दाखवलं होतं का?”

“त्यांच्याकडे यंत्र आहे.”

“यंत्राला आपण खोटं ठरवत नाही. पण मला दिसतंय ते दिसतंय.”

ताई पाटाशेजारी जमिनीवरच बसल्या. “काका, रीत बाबांची आहे आणि ती मला मोडायची नाही. पण आता शनिवारी ठरवायला हवं. तुम्ही ‘झालं’ म्हणा, नाहीतर मला म्हणावं लागेल. आणि मी म्हटलं, तर तुमच्या शब्दाला इथे अर्थ राहणार नाही. मग पुढच्या खलावर तुम्हाला कुठल्या तोंडाने बसवू?”

काकांनी मान हलवली. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. ताईंच्या जागी काका असते तर तेही हेच बोलले असते. पण रस्त्याने घरी जाताना त्यांना कळेना की काय करावं. ‘झालं’ म्हणून टाकलं तर खल राहील. पण कुणाच्या तरी घरात, कुणीतरी मधात कालवून ती पुडी चाटेल, आणि आत ते दोन ठिपके असतील. पहिल्या वर्षी मोठ्या वैद्यांनी कज्जली परत ओतली होती. आता परत ओतायला कोण होतं?

घरी काकू खिडकीत बसून शिंप्याकडून आणलेल्या शर्टांची काजं करत होत्या. लग्नापासूनची सवय अशी की रोज सकाळी कामावर जाण्याआधी काका तीन सुया ओवून त्यांच्या सुयांच्या छोट्या उशीला टोचून ठेवत. हल्ली काही महिने ओवताना दोरा सुईच्या शेजारून जाई. “दोरा खराब आहे,” काका म्हणत. “हो, हल्ली खराबच येतो,” काकू म्हणत, आणि ते गेल्यावर तारेच्या छोट्या आकड्याने सुया स्वतः ओवून घेत. तो आकडा काकू शिवणाच्या डब्याच्या तळाशी लपवून ठेवत.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी हात धुतले. साबण लावून धुतले, ब्रशने धुतले, पुन्हा धुतले. मोरीच्या नळावर एक चंद्र होता. सकाळी जिन्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा होते. परवा शेजारच्या मांजराच्या पाठीवर एक बसला होता आणि मांजराबरोबर भिंतीवरून पलीकडे गेला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री स्वप्नात ते नाव वल्हवत, आणि पाणी काळं, आणि वल्हं वर उचललं की त्यावरून थेंब निथळत, एकेक थेंब पाण्यावर पडून लुकलुकत राही, बुडत नसे. स्वप्न वाईट नव्हतं. जागं झाल्यावर मात्र एकच विचार येई, की पारा आपल्या पाठोपाठ घरापर्यंत आला आहे.

जेवताना ते एकदम थांबले. “अंगठी काढून ठेव.”

“का?”

“काढ म्हणतो ना. तिच्यावर दिसतोय मला. चंद्र.”

काकूंनी डावा हात दिव्याखाली धरला. अंगठी पिवळी होती. जुनी, झिजलेली, खळगे पडलेली, पण पिवळी. त्यांनी हात इकडून तिकडून फिरवला.

“अजून दिसतोय?”

“आता तीन झाले.”

“बरं,” काकू म्हणाल्या. अंगठी काही त्यांनी काढली नाही. “भात घ्या थोडा. निवतोय.”

“तुझ्या केसांतही आहेत,” काका हळूच म्हणाले, एखादी चूक कबूल करावी तसं.

“तो म्हातारपणाचा उजेड आहे,” काकू म्हणाल्या. पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पाऱ्याचं शास्त्र त्यांना ठाऊक नव्हतं. पारा सोन्याला काय करतो, एवढं मात्र त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल.

शनिवारी दुपारी त्या रसशाळेत आल्या. इतक्या वर्षांत त्या फाटकाच्या आत फारशा आल्या नव्हत्या. डबा विसरला तर फाटकावर द्यायचा आणि परत फिरायचं. कुपीवाला मातीच्या हाताने उठून उभा राहिला.

“काकू, आज स्वारी इकडे? काकांना न्यायला आलात की भांडायला?”

“बघू, काय जमतं ते.”

“आत जाताय तर अंगठी तेवढी वाटीत ठेवा.”

“आज नाही ठेवायची,” काकू म्हणाल्या आणि उंबरा ओलांडून गेल्या.

काका घोटत होते. ताई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या, वहीत काही लिहीत नव्हत्या. काकांना आधी वाटलं, वल्हवता वल्हवता डोळा लागला आणि ही स्वप्नात आली. मग त्यांना तिच्या डाव्या हातावर पिवळं काहीतरी दिसलं.

“अगं, अंगठी!”

“असू दे.” काकू खलासमोर बसल्या आणि त्यांनी डावा हात कज्जलीत रुतवला, मनगटापर्यंत.

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा काकांच्या हातून बत्ता सुटला. दगडावर दगड पडल्याचा आवाज अंगणापर्यंत गेला. ताई अर्धवट उठल्या, पण पुढे आल्या नाहीत.

“काढ हात. तुला कळतंय का काय करते आहेस? ती पांढरी पडेल.”

“पडू दे. सोनार अजून आहे.” काकू अंगठ्याने अंगठीभोवती कज्जली रगडत होत्या, पीठ मळावं तशा सावकाश. “तेव्हा किती वेळ लागला होता?”

“क्षणभर पुरतो.”

“मग आपण जरा जास्त देऊ.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे कुपीवाल्याचं डोकं दिसत होतं. “तुम्ही फार बोलता म्हणतात. बोला काहीतरी तोवर.”

कुपीवाल्याने हातातली कुपी खाली ठेवली आणि खिडकीची कड धरून तो आत बघत राहिला.

बऱ्याच वेळाने काकूंनी हात बाहेर काढला. ताईंनी ओलं फडकं दिलं. अंगठी पुसून काकूंनी हात खिडकीतल्या उन्हात धरला.

काकांना अंगठीवर चंद्रच चंद्र दिसले. एकमेकांना खेटून, लुकलुकत.

“पांढरी पडली,” ते म्हणाले.

“पिवळी आहे,” काकू म्हणाल्या.

“पिवळी आहे, काका,” ताई म्हणाल्या.

“एकदम पिवळी,” कुपीवाला खिडकीतून म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“अहो,” काकू म्हणाल्या, “ते खलात आहेत, अंगठीवर आहेत, माझ्या केसांत आहेत. एवढा पारा ताईंनी आणलाय तरी का? जिथे बघाल तिथे दिसतात, म्हणजे ते तुमच्याबरोबर चालतायत. सुई ओवताना तुम्हाला आडवे येतात तेही तेच.”

“दोरा खराब...”

“दोरा चांगला आहे. सहा महिने मीच ओवते आहे.”

काकांनी डोळे मिटले. मग हात पुढे केला आणि भीत भीत अंगठीला बोट लावलं. छत्तीस वर्षांनी. पारा चढलेलं सोनं बोटाला निसरडं लागतं, हे त्यांना माहीत होतं. हे निसरडं नव्हतं. जुने खळगे लागले. त्यांनी बोट पुन्हा एकदा सावकाश फिरवलं.

मग मिटल्या डोळ्यांनीच खलातली चिमूट घेतली आणि बोटांच्या पेरांमध्ये चोळली. कण लागत नव्हता. बत्ता उचलून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि कान दिला. आवाज नव्हताच जवळजवळ. हा आवाज किती दिवसांपासून असा येतो आहे? कान सांगत होते, बोटं सांगत होती, आणि त्यांनी मात्र सगळा विश्वास एकट्या डोळ्यांवर टाकला होता.

“झालं,” काका म्हणाले.

ताईंनी वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, “आज सांगताय, पण झालं कधी असेल?”

“दहाव्या-बाराव्या दिवशीच. बाकी सगळी नुसती सफर.” त्यांनी फडकं तोंडावरून खाली ओढलं. “ताई, पुढच्या खलावर दुसऱ्याला बसवा. हात शाबूत आहे. पण बघणारा जागा नाही आता.”

“बाबांनी तुमच्या हातावर पहारा बसवला,” ताई म्हणाल्या, “मीही तोच पेला भरत बसले. डोळ्यांकडे कुणी पाहिलंच नाही. चूक तुमची एकट्याची नाही, काका. मोतीबिंदू असेल तर तो काढता येतो. सोमवारी डॉक्टरांकडे जा. तोवर खल झाकून ठेवते.”

“आणि काढल्यावर?”

“काढल्यावर ऊन आहे, खिडकी आहे. बघा आणि सांगा. फक्त त्यानंतर तुमच्या तळहाताकडे मीही बघणार. दोघांना दिसला नाही तरच मावळला.”

काकांनी यावर थोडा विचार केला. “चष्म्यातून?”

“चष्म्यातून.”

“चालेल.”

ताईंनी दोघांनाही नळापाशी नेऊन तीन तीन वेळा साबणाने हात धुवायला लावलं आणि स्वतः नखं तपासली. कुपीवाला वाटीकडे बघत म्हणाला, “आता ही पाटी काढायची का?” पण पाटी तशीच राहिली.

दोघं फाटकाबाहेर पडली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. काका सवयीप्रमाणे काकूंच्या उजव्या बाजूला गेले. काकू थांबल्या, मागून वळसा घालून त्यांच्या दुसऱ्या अंगाला आल्या आणि डावा हात त्यांच्या हातात दिला. काकांचा हात आधी ताठ झाला. मग हळूहळू सैल पडला.

रस्ता नेहमीचाच होता. दुकानांच्या फळ्या, सायकली, एका भिंतीला टेकवलेली शिडी, नुकतंच पाणी मारलेली फरशी. सगळ्यांवर ते होते. शिडीच्या पायरीपायरीवर एकेक. फरशीवर तर सडा पडलेला. घाबरायचं कारण उरलं नसल्यामुळे काकांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. प्रत्येकाभोवती बारीक कडं होतं आणि कड्याला रंग होते. रस्ता हळूहळू मागे सरकत होता, नावेतून जाताना काठ सरकतो तसा.

“आता दिसतायत?” काकूंनी विचारलं.

“हो.”

“किती?”

“मोजता यायचे नाहीत.”

“मग घाई नको. सोमवारपर्यंत बघून घ्या.” आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, “मलाही सांगत चला, कुठे कुठे आहेत ते.”

काका सांगू लागले. त्या पायपुसण्यावर एक. त्या म्हाताऱ्याच्या काठीच्या मुठीवर दोन. तुझ्या चपलेच्या अंगठ्यावर एक, तो तुझ्याबरोबर पुढे पुढे चालला आहे. काकू ऐकत होत्या आणि त्या त्या जागी बघत होत्या. त्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं, तरी प्रत्येक वेळी त्या हुंकार देत होत्या.